सतोपंथ (७०७५ मी.) : मोहीम-आखणीच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२५

शिखर पक्कं झालं : सतोपंथ, ७०७५ मीटर, उत्तरकाशी जिल्हा. गंगोत्री परिसरात चौखंबा-१ (७१३८ मी.) सोडलं तर याहून उंच काही नाही. चढाईचा मार्ग नेहमीचाच : गंगोत्री, भोजबासा, नंदनवन, वासुकी ताल, सुंदर बामक (हिमनदी), मग घळ चढून खिंडीवर आणि तिथून सुरीसारखी अरुंद धार ओलांडून माथ्याकडे.

या शिखराची अडचण त्या धारेत आहे. उंची सुमारे ६००० मीटर, दोन्ही बाजूंना खोल उतार, तंबू टाकायला जागा नाही, आणि उतरताना तिला वळसा नाही. माथ्यावरून दमून आलेला माणूस तीच धार पुन्हा ओलांडणार. म्हणून आखणी गंगोत्रीपासून वर न करता धारेपासून खाली करायची असं ठरलं. धारेवर काय पोचायला हवं, ते खालून किती फेऱ्यांत जाईल, त्यासाठी बेस कॅम्पवर किती दिवस लागतील, या क्रमाने.

हंगाम : मे-जून. दुसरा पर्याय ऑगस्ट-सप्टेंबरचा. आन्द्रे रॉश यांच्या स्विस तुकडीने १९४७ मध्ये हा माथा पहिल्यांदा गाठला तो ऑगस्टमध्येच, त्यामुळे पावसाळ्यात चढाई होतच नाही असं म्हणता येत नाही. पण ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत पुराच्या लोंढ्याने जे झालं ते ताजं आहे. गंगोत्रीचा एकमेव रस्ता तिथूनच जातो आणि तो तुटला की ५० भारवाहक आणि टनभर सामान उत्तरकाशीत पडून राहतं. मे-जूनमध्ये यात्रेची गर्दी असते, गाड्या आणि खोल्या महाग मिळतात, पण रस्ता बहुधा चालू असतो. घळीतही दगडांपेक्षा बर्फ जास्त मिळतो. बदल्यात धारेवर ताज्या बर्फाचे कॉर्निस (कडेबाहेर लोंबणारे छज्जे) असतील. तो सौदा मान्य.

५ ऑक्टोबर

कागदपत्रं. शिखराची परवानगी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे, गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाची परवानगी वन विभागाकडे. दोन्ही अर्जांत नावं, तारखा आणि शिबिरांच्या जागा अक्षरशः सारख्या असाव्यात. फरक दिसला की फाईल परत येते आणि महिना जातो. सदस्यांच्या बेसिक-ॲडव्हान्स कोर्सची प्रमाणपत्रं, मागच्या शिखरांची यादी, वैद्यकीय दाखले, विमा हे एकाच क्रमाने लावून तीन संच.

विम्याची अटी-शर्तींची पानं नीट वाचली. ‘साहसी खेळ समाविष्ट’ असं पहिल्या पानावर, आणि आत उंचीची मर्यादा. ७००० मीटरवर लागू होणारी आणि हेलिकॉप्टरचा खर्च स्पष्ट शब्दांत देणारीच पॉलिसी घ्यायची.

सॅटेलाइट फोन : दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो, सॅटेलाइटवर संदेश पाठवणारी छोटी उपकरणंही त्यातच आली. अर्ज टाकला. परवानगी मिळणार नाही असं धरूनच बाकीची आखणी करायची.

१९ ऑक्टोबर

माणसं : ८ सदस्य, ४ शेर्पा, स्वयंपाकी आणि त्याचे दोन मदतनीस. बेस कॅम्पवर १५, त्याच्या वर १२.

वेळापत्रकाचा पहिला मसुदा फाडला. त्यात गंगोत्री ते वासुकी ताल तीन दिवसांत होतं. गंगोत्री सुमारे ३१०० मी., भोजबासा ३८००, नंदनवन ४३४०, वासुकी ताल ४८८०. तीन दिवसांत झोपायची उंची पावणेदोन हजार मीटरने वाढते. ३००० च्या वर रोज ५०० मीटरपेक्षा जास्त नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा, हा नियम इथे पायवाटेच्या रचनेमुळे पाळता येत नाही, कारण मधले मुक्काम सोयीचे नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन रात्री.

२२ व २३ मे गंगोत्री, २४ व २५ भोजबासा, २६ व २७ नंदनवन, २८ ला वासुकी ताल, तोच बेस कॅम्प. २९ विश्रांती. ३० आणि ३१ कॅम्प १ पर्यंत (सुमारे ५३०० मी.) सामानाच्या फेऱ्या, रात्री परत खाली. १ जून विश्रांती. २, ३, ४ जूनला कॅम्प १ वर मुक्काम : ३ ला घळीत दोर लावणं, ४ ला घळीतून कॅम्प २ वर (सुमारे ६००० मी.) सामान टाकून परत. ५ जूनला बेसवर उतरून ६ ला पूर्ण विश्रांती. ७ कॅम्प १, ८ कॅम्प २, ९ धारेवर दोर, १० ला धार ओलांडून कॅम्प ३ (सुमारे ६३०० मी.), ११ माथा आणि परत कॅम्प ३, १२ कॅम्प १, १३ बेस. चार दिवस राखीव. १८ ला बेस सोडायचा, २० जूनला गंगोत्री.

२५ मेचा भोजबासाचा दिवस नुसता बसायचा नाही. गोमुख ते नंदनवन ही वाट गंगोत्री हिमनदीवरच्या दगडमातीतून जाते आणि दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीच्या दगडांच्या खुणा वाट चुकवतात. त्या दिवशी दोन शेर्पांनी पुढे जाऊन वाट काढायची, नव्या खुणा लावायच्या, जुन्या पाडायच्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी ओझी घेतलेली माणसं सैल दगडांवर रांगेत उभी राहतात, आणि दुपारी ऊन लागलं की वरून दगड सुटतात.

१६ नोव्हेंबर

दोर. आज जवळपास पूर्ण दिवस यावरच गेला.

अंदाज : घळीला ४०० मी., धारेला ४००, माथ्याखालच्या उताराला २००, राखीव २००. एकूण १२००. आधीच्या तुकड्यांनी लावलेले दोर धारेवर सापडतील. ते दिशा दाखवायला ठीक, पण भार टाकायचा नाही. वर्ष-दोन वर्षं उन्हात पडलेला नायलॉन वरून धड दिसतो, आत त्याचे धागे कडक झालेले असतात.

घळीसाठी ९ मि.मी. स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर. तिथे बाराजण चार-पाच वेळा जुमार (दोरावर वर सरकणारी, भार पडला की दातांनी पकडणारी पकड) लावून वर-खाली करणार आणि दगडही पडतात. मीटरला सुमारे ५२ ग्रॅम, म्हणजे ४०० मीटरचे २०.८ किलो. बाकी ८०० मीटर ८ मि.मी., मीटरला ४२ ग्रॅम, ३३.६ किलो. एकूण ५४.४. स्वस्त पॉलिप्रॉपिलिनचा दोर हलका पडतो, पण उन्हाने लवकर कुजतो, गोठला की तारेसारखा ताठ होतो आणि जुमारचे दात त्यात बसत नाहीत. बाद.

८ मि.मी. वर दोन गोष्टी तपासल्या. पहिली, जुमारवर दोराच्या जाडीची मर्यादा कोरलेली असते. एका जुन्या जोडीवर ती ९ पासून सुरू होत होती. ती जोडी बाजूला. दुसरी, उतरताना ८ मि.मी. च्या एकेरी दोरावर ‘आठ’चा डिसेंडर (दोरावरून उतरायची आठाच्या आकाराची कडी) फार वेगाने सुटतो. जाड हातमोज्यांत तो आवरत नाही. घळीत, म्हणजे ९ मि.मी. वर, तो चालेल. धारेपलीकडच्या उतारावर मुंटर हिच (घर्षणाने वेग आवरणारी गाठ), किंवा डिसेंडरला ब्रेकच्या बाजूने एक जादा कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी).

दोर गुंडाळीवरून काढताना टोक धरून ओढू नये, गुंडाळी फिरवून सोडावा. ओढला तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ शिल्लक राहतो आणि ६००० मीटरवर त्या पिळांच्या गाठी होतात. तिथे गाठ सोडवायची म्हणजे बाहेरचे हातमोजे काढावे लागतात. धारेसाठीचे दोर १०० मीटरचे चार तुकडे करून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत नुसता भरायचा, वेटोळं घालायचं नाही. वरचं टोक पिशवीच्या तोंडाला बांधलेलं.

३० नोव्हेंबर

गोठलेल्या दोरावरची चाचणी. दोन्ही जाडीचे दोन-दोन मीटरचे तुकडे भिजवून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये, सकाळी लगेच टांगून जुमार लावला. कोरड्या दोरावर भार पडताक्षणी पकडतो. गोठलेल्या ८ मि.मी. वर पहिल्या झटक्याला वीतभर घसरून मग पकडला. तिसऱ्या-चौथ्या वेळी पकडलाच नाही. काढून पाहिलं तर दातांच्या मधल्या खाचा बर्फाच्या पिठाने अगदी सपाट भरलेल्या, बोट फिरवलं तर दात लागतच नाहीत. जुना टूथब्रश फिरवल्यावर पुन्हा नीट पकडला. म्हणून प्रत्येकाच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दोरीने बांधलेला टूथब्रश, आणि सवय : दर अँकरला (दोर जिथे पक्का बांधलाय तिथे) जुमार बदलताना आधी दात झाडायचे, मग लावायचा, मग अंगाचं वजन हळू टाकून पाहायचं. जुमारच्या पुढे काऊज टेलचा (हार्नेसला बांधलेल्या आखूड दोरीचा) कॅराबिनर दोरात कायम अडकवलेला.

१४ डिसेंबर

अँकर. आडव्या धारेवर अँकरमधलं अंतर २० मीटर. त्याहून जास्त ठेवलं तर मधे माणूस घसरल्यावर तो बराच खाली लोंबतो आणि दोर कॉर्निसच्या कडेवर घासतो. आडवा दोर सतारीच्या तारेसारखा ताणायचा मोह होतो, तो टाळायचा. ताणलेल्या आडव्या दोराच्या मध्यावर माणसाचं वजन पडलं तर दोन्ही टोकांच्या अँकरवर त्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. थोडा झोल हवाच. एका टप्प्यात एकच माणूस.

धारेला २० अँकर, घळीत दर ४० मीटरला एक याप्रमाणे १०, तेही जोडीचे. घट्ट बर्फात स्नो स्टेक (धातूची लांब खुंटी) उभा ठोकून चालतो, मऊ बर्फात तो लोण्यातल्या सुरीसारखा निघतो. तिथे चर खणून आडवा पुरायचा आणि पट्टी मधोमध बांधायची. पुरलेला स्टेक उतरताना परत काढता येत नाही, म्हणून स्टेकची संख्या ३० ठेवली. आईस स्क्रू २०. कॅराबिनर, पट्ट्या मिळून धातूचं एकूण वजन २५ किलो.

११ जानेवारी २०२६

इंधन. कॅम्प २ आणि ३ वर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. दहा अंश उण्यातला एक किलो बर्फ वितळवून उकळीला आणायला सुमारे ६९० किलोज्यूल लागतात. ६००० मीटरवर उकळी ८० अंशांच्या आसपासच येते, हे त्यात धरलं आहे. किलोभर गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल असतात, म्हणजे हिशोबाने लिटरला १५ ग्रॅम. पण वाऱ्यात अर्धी उष्णता भांड्याबाहेर जाते. ३० धरले. माणशी ४ लिटर म्हणजे १२० ग्रॅम, जेवण गरम करायला ३०. दीडशे.

कॅम्प १ वर दुपारी हिमनदीवर वाहतं पाणी मिळतं, तिथे माणशी ९०. कॅम्प १ वर १२ जणांच्या ५ रात्री : ५.४ किलो. त्याच्या वर ४ रात्री : ७.२. एकूण १२.६ किलो, म्हणजे २३० ग्रॅमचे ५५ डबे. वर वादळात एक दिवस अडकलं तर १.८ किलो, ८ डबे. दोन दिवस धरले. एकूण ७१ डबे, भरलेला डबा ३८० ग्रॅम, सुमारे २७ किलो.

डब्यातलं मिश्रण पाहून घ्यायचं. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे बारापर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सूट मिळते. मिश्रणातला प्रोपेन आधी जळून जातो, म्हणून डबा निम्म्यावर आला की थंडीत आच मंदावते आणि डबा हलवला तर आत द्रव डुचमळतो. असे अर्धवट डबे वर साठतात आणि हिशोब कोलमडतो. उपाय : डबा उलटा धरून द्रव खेचणारा स्टोव्ह, किंवा डबा कोमट पाण्याच्या ताटलीत. पुन्हा भरलेले डबे घ्यायचे नाहीत, झडप गळते. स्क्रूचे आणि क्लिपचे डबे वेगळे असतात. एकाच जातीचे घ्यावेत, नाहीतर कॅम्प ३ वर डबा आहे पण स्टोव्हवर बसत नाही. विमानात आणि रेल्वेत गॅस नेता येत नाही, खरेदी पुढे जाऊनच.

बेससाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर नको. भरलेला ३० किलोंच्या आसपास जातो आणि भारवाहकाचं ओझं २० किलोंचं. ५ किलोंचे नऊ. डाळ-भातासाठी प्रेशर कुकर दोन, कारण वासुकी तालला पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, फक्त गॅस संपतो. कुकरची जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह विसरायचे नाहीत.

८ फेब्रुवारी

ओझ्यांचं गणित. बेसच्या वर जाणारं : शिधा ७० (१०८ माणूस-दिवस, प्रत्येकी ६५० ग्रॅम), गॅस २७, दोर ५४, धातू २५, तंबू ३२, बाकी २२. एकूण २३० किलो. ३० आणि ३१ मेच्या फेऱ्यांत चार शेर्पा १५ किलोंप्रमाणे १२०, आठ सदस्य ७ किलोंप्रमाणे ११२. एकूण २३२. कागदावर जमलं, म्हणजे प्रत्यक्षात जमलं नाही. एकाचं डोकं दुखलं की पुढचं सगळं वेळापत्रक एका दिवसाने सरकतं. म्हणून २ जूनला वर मुक्कामाला जाताना शेर्पांकडे आणखी ४० किलो. तेव्हा न्यायचं सामान म्हणजे वरच्या कॅम्पचा गॅस आणि शिधा, जे उशिरा पोचलं तरी अडत नाही. दोर आणि धातू पहिल्याच दिवशी.

खरी कोंडी घळीत आहे. कॅम्प २ वर १२४ किलो हवेत. ४ जूनला शेर्पा १२ आणि सदस्य ५ किलो नेतील, ८८. आठ तारखेला मुक्कामाला जाताना ८ आणि २, म्हणजे ४८. एकूण १३६. बारा किलोंचा जो फरक उरला तो कुणी फराळाने भरू नये.

बेसपर्यंत : वरचं २३०, बेसचा शिधा १८६, इंधन ११०, तंबू आणि मेस १२०, भांडी ५०, वैयक्तिक १२ जणांचं १८ प्रमाणे २१६, औषधं वगैरे ४०. बेरीज ९५२, भारवाहक ४८. त्यांच्या स्वतःच्या पाच दिवसांच्या शिध्याला माणशी ३ किलो, १४४ किलो, म्हणजे आणखी आठ माणसं. त्या आठांचा शिधा वाहायला एक. ५७. भारवाहकांचे तंबू, ताडपत्री, गॉगल आणि मोजे मोहिमेच्या खर्चातून. ताजा बर्फ पडलेल्या दिवशी गॉगल नसलेल्या माणसाचे डोळे संध्याकाळपर्यंत जातात आणि तो दोन दिवस चालू शकत नाही.

१ मार्च

औषधं. सगळ्यांना ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळणारी गोळी) १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा द्यावी का यावर वाद झाला. दोन-दोन रात्रींचं वेळापत्रक असल्याने सरसकट नको, डॉक्टरांनी ज्यांना सांगितलं त्यांनाच. सल्फाची ॲलर्जी कुणाला आहे ते डॉक्टरांना आधीच कळवायचं, आणि पहिली गोळी घरीच घेऊन पाहायची. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर) आणि निफेडिपिन (फुफ्फुसांत पाणी झाल्यास) प्रत्येक कॅम्पच्या पेटीत, मात्रा झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत. उंचीवर मेंदू सुजलेल्या माणसाला आणि त्याच्या दमलेल्या सोबत्यालाही पत्रक उलगडून वाचता येत नाही. नियम एकच : सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर औषध द्यायचं आणि त्याच वेळी खाली निघायचं. रात्र असली तरी. ऑक्सिमीटरचा आकडा वहीत लिहायचा, पण त्याच्या भरवशावर वर न्यायचं नाही. गार बोटांवर तो काहीही दाखवतो.

बेसवर ऑक्सिजनची ४ लिटरची, ३०० बार दाबाची एक टाकी : १२०० लिटर, मिनिटाला दोनप्रमाणे दहा तास. शिवाय आजारी माणसाला आत झोपवायची दाबाची पिशवी. ती सतत पंप करत राहावी लागते, त्यासाठी पाळ्या लावायच्या.

२९ मार्च

हवामान. माथ्याच्या उंचीचा वारा ४०० हेक्टोपास्कल दाबाच्या हवेच्या थरात पाहायचा, तो उन्हाळ्यात इथे साडेसात हजार मीटरच्या आसपास असतो. धारेचा ५०० च्या थरात. गावाच्या नावाने मिळणारा अंदाज गंगोत्री बाजारपेठेचा असतो. फोन नसला तर गंगोत्रीतून निघतानाचा अंदाज जेमतेम पाच-सहा दिवसांचा. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ बेसवर उंचीमापकाचा आकडा लिहायचा. एका जागी बसून उंची ३०-४० मीटरने ‘वाढली’ म्हणजे दाब पडला. पश्चिमी झंझावात मेअखेरही येतात.

मोठा बर्फ पडला तर घळ ४८ तास बंद. ४ ऑक्टोबर २०२२ ला याच जिल्ह्यात द्रौपदी का डांडा-२ वर प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला. वाट माहितीची होती आणि सोबत प्रशिक्षक होते. घळीत इतर दिवशीही सकाळी नऊच्या आत बाहेर. त्यासाठी कॅम्प १ पहाटे तीनला सोडायचा.

माथ्याचा दिवस : कॅम्प ३ पासून ७७५ मीटर, तासाला १०० मीटर धरले तर आठ तास. रात्री एकला निघायचं, सकाळी ११ ला जिथे असू तिथून परत. ११ ही वेळ धारेवरून आली आहे : माथ्यावरून कॅम्प ३ ला दुपारी तीनपर्यंत पोचलं तर त्या दिवशी धारेकडे जायचंच नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ कडक असताना ती ओलांडायची. कॅम्प ३ चे तंबू त्यासाठीच १२ तारखेपर्यंत उभे.

२६ एप्रिल

बुटांवर क्रॅम्पॉन (बर्फात रुतणाऱ्या दात्यांच्या चौकटी) बसवून पाहिले. भाड्याच्या दोन जोड्यांत पुढची कडी सैल, टाचेचा खटका बसतो पण बूट पिळला की निसटतो. बदलून घेतले. चार क्रॅम्पॉनना तळाची रबरी पट्टी नव्हती. ती नसली की ओला बर्फ खाली गोळा होऊन दाते जमिनीलाच लागत नाहीत. हेडलॅम्पला लिथियमच्या बॅटऱ्या, साध्या अल्कलाइन थंडीत तासाभरात पिवळ्या पडतात.

१० मे

पॅकिंग संपलं. प्रत्येक पोत्यावर क्रमांक आणि रंगपट्टी : निळी बेस, पिवळी कॅम्प १, लाल त्याच्या वर. यादी तीन प्रतींत, एक स्वयंपाक्याकडे. उद्यानाच्या कनखू चौकीवर प्लॅस्टिकची मोजदाद होते आणि परतीला तेवढंच दाखवावं लागतं, म्हणून बिस्किटांची बाहेरची वेष्टनं इथेच काढून शिधा कॅम्पवार आणि दिवसवार पिशव्यांत भरला. मोजणी सोपी झाली आणि चार किलो कमी झाले.

फेरवजनात लाल पट्टीचं सामान १२४ ऐवजी १२९ भरलं. पाच किलो कुठले ते शोधलं : शिध्यात दोन किलो सुकामेवा जास्तीचा, दोन स्टोव्ह राखीव म्हणून दुप्पट धरलेले, आणि एका तंबूत खालची जाड चादर. स्टोव्ह एकच राखीव ठेवला, चादर निळ्या पोत्यात. सुकामेवा कॅम्प १ च्या पिवळ्या पोत्यात. आता १२५.

सॅटेलाइट फोनच्या अर्जावर उत्तर नाही. फोन घरीच. ७ जूनला बेसवरून वर निघण्याआधी ताजा अंदाज हवा, त्यासाठी एक मदतनीस ४ जूनला पहाटे गंगोत्रीला उतरेल आणि ६ च्या संध्याकाळपर्यंत कागदावर लिहून परत येईल : ४०० आणि ५०० च्या थरांतला वारा, ८ ते १३ जून, दर सहा तासांचा. कोरा तक्ता छापून त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, सोबत दोन पेन्सिली.